पंचविसावा कागद

१

मी गणित शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चित्रांबद्दल काही बरळलो तर हसायला तुम्ही मोकळे. बेल्लुनोच्या शाळेत एकतीस वर्षं भूमिती शिकवतोय, आणि सहलीचं नाव काढलं की माझं डोकं उठतं. पण नियम असा, की पंधरा पोरांमागे एक शिक्षक हवाच. चित्रकलेच्या निवेस मॅडम दर मार्चमध्ये सतरा वर्षांच्या पोरांचा वर्ग घेऊन पादोव्याला जातात, आणि सोबत दुसरं कोण, असं विचारलं की स्टाफरूममधले सगळे खिडकीबाहेरचा डोंगर बघायला लागतात. यंदा मी हात वर केला.

निवेसचा कॉफीचा कप ओठांपाशीच थांबला. "एल्व्हियो, तू? बरं वाटत नाहीये का तुला?"

"माझी मुलगी आहे त्या वर्गात," मी म्हटलं.

तिने कप खाली ठेवला आणि माझं नाव यादीत लिहिलं. आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

माझी नोएमी चमचा धरायच्या आधी पेन्सिल धरायला शिकली. भिंती, टेबलावर सांडलेलं पीठ, गाडीच्या काचेवरची वाफ, काही म्हणून सोडायची नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने आपल्या बत्तीस वह्या स्टोव्हमध्ये घातल्या. एकेक करून, शांतपणे. मी आणि लोरेत्ता, म्हणजे तिची आई, आम्ही नुसते बघत उभे.

"का गं?" मी विचारलं.

"मला जे काढायचंय ते येत नाही. बाकीचं काढून काय करू?"

त्यानंतर पेन्सिल हातात नाही. मग हळूहळू बोलणं कमी झालं, मग जेवण. बेल्लुनोचे डॉक्टर म्हणाले, वयच असं असतं. त्रेव्हिझोच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो. आणखी दोन उतरले तर दाखल करायचं, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

सहलीच्या दिवशी लोरेत्ता चष्म्याच्या कारखान्यातल्या पहिल्या पाळीला निघाली होती. बसपाशी आली आणि माझी कॉलर सारखी करत म्हणाली, "तिला जेवायला लाव. आणि तिथे ओरडू नकोस तिच्यावर."

"मी कधी ओरडतो?"

"आत्ता ओरडतोयस."

तर मी पादोव्याला गेलो तो कलाबिला बघायला नाही. पोरीने दोन घास खावेत, आणि देवाच्या मनात असेल तर एकदा, एकदाच, पेन्सिल हातात घ्यावी, एवढ्यासाठी गेलो.

२

निवेस पोरांना दरवर्षी जे दाखवते ते प्रार्थनाघर सांतोच्या मोठ्या चर्चमागच्या एका गल्लीत आहे. नाव सांगत नाही, उगाच गर्दी व्हायची. आत जायच्या आधी एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात. रस्त्यावरची धूळ आणि अंगाचा दमटपणा तिथेच जिरावा, भिंतींना लागू नये म्हणून. मग दुसरा दरवाजा उघडतो आणि आत पंधरा मिनिटं मिळतात.

"सर, आपल्याला हॅमसारखं वाळत घातलंय," ताद्देओ म्हणाला. वर्गात एक तरी असा असतोच, आमच्यात हा.

"तुझ्या अंगावर वाळवण्याइतकं मांस कुठाय?" मी म्हणून गेलो, आणि जीभ चावली. नोएमी शेजारीच बसली होती, मनगटं बाह्यांत ओढून घेतलेली. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

राखणदारीण जाडजूड बाई, लोकरी जाकिटाच्या खिशातून घड्याळ काढून म्हणाली, "पंधरा मिनिटं. सोळावं मिळणार नाही." आणि दार सरकलं.

मी याआधी फोटो पाहिले होते. फोटोंचं काही सांगू नका. आत पाऊल टाकलं आणि छताचा तो निळा रंग डोक्यावर आला तेव्हा मी, एल्व्हियो दाल फार्रा, जो सुट्टीतसुद्धा प्रमेयं वाचतो, तो टोपी काढून उभा राहिलो. समोरची अख्खी भिंत रंगवलेल्या माणसांनी भरलेली. माणसाएवढीच उंच, साठेक तरी असतील. पाववाला, लोकर पिंजणारे, पोटुशी बाई, भिक्षू, सगळे एकाच जागी वर बघतायत. कुणाचे हात उचललेले, कुणाचं तोंड उघडं राहिलेलं. एका म्हातारीच्या टोपलीतून अंडी पडून फुटलीयत, तिला पत्ता नाही. एका शिपायाने डोळ्यांवर हात घेतलाय आणि बोटांच्या फटीतून बघतोय.

आणि ते जिथे बघतायत तिथे काहीच नाही. राखाडी गिलावा. दाराएवढा चौकोन.

महायुद्धात जवळच बॉम्ब पडला तेव्हा तेवढाच भाग गळला. दुरुस्ती करणाऱ्यांचा नियम कडक. जे ठाऊक नाही ते रंगवायचं नाही, राखाडी भरून सोडून द्यायचं. तिथे काय होतं याचा फोटो नाही, कुठे लिहून ठेवलेलं नाही. साडेसहाशे वर्षं ही माणसं कशाने तरी थक्क होऊन उभी आहेत, आणि कशाने ते आपल्याला कधीच कळणार नाही.

निवेसची इथे एक ठरलेली रीत. मोठ्या कागदाचे सारखे चौकोन कापून आणलेले असतात. एकेक वाटते आणि म्हणते, "यांना काय दिसतंय ते काढा." अठरा वर्षं ती हे करतेय. पोरं देवदूत काढतात, उडत्या तबकड्या काढतात, एकदा एकाने भाजलेली कोंबडी काढली होती. ती सगळं घरी जपून ठेवते.

पोरं जमिनीवर बसली. पेन्सिली चालू झाल्या, परीक्षेत चालतात तशा, इकडून तिकडून, खरखर. मी भिंतीला टेकून नोएमीकडे बघत होतो. ती सगळ्यांत पुढे, कागद गुडघ्यावर, पेन्सिल फरशीवर पडलेली. उचलत नव्हती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, माझ्या लक्षात आलं की आवाज एकच येतोय.

चोवीस पेन्सिली, आणि आवाज एक. रेघ. थांबा. रेघ. थांबा. एकतीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गांवर पहारा केलाय, असं कधी ऐकलं नाही. मी स्वतःला समजावलं, छत घुमटाकार आहे, आवाज मिसळत असेल. पण ताद्देओ आपल्या कागदाकडे बघत नव्हता. कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, त्या राखाडी चौकोनाकडे, आणि हात खाली आपले आपण चाललेले.

"वेळ संपली," बाई म्हणाली. पोरं उठली, एकही टवाळी न करता.

३

दुपारचं जेवण नन्सच्या अतिथीगृहात होतं. जेवणाचा हॉल लांबलचक, लाकडी फरशीचा, एका बाजूला उंच खिडक्या. ओव्हनमधला पास्ता होता. नोएमीने चार घास घेतले. मी मोजले, काय करू.

निवेसने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तू बघ जरा. माझं डोकं दुखतंय."

चित्रं नव्हतीच ती. प्रत्येक कागद काठोकाठ रेघांनी भरलेला. वळत गेलेल्या, एकमेकींना न शिवणाऱ्या, बारीक रेघा. कुठे दाट, कुठे विरळ. चोवीस कागद, आणि पंचविसावा नोएमीचा, कोरा.

"ताद्देओ, इकडे ये. हे काय आहे?"

त्याने आपला कागद पाहिला. "तेवढंच दिसलं सर मला."

"तेवढंच म्हणजे?"

"माझ्या जागेवरून जेवढं दिसत होतं तेवढं. बाकीचं बाकीच्यांना दिसलं असेल."

"अरे, पण तिथे गिलावा आहे. नुसता गिलावा!"

"हो का?" तो म्हणाला. चेष्टेने नाही, मी त्याचा चेहरा चांगला ओळखतो. आज गुरुवार आहे असं कुणी सांगावं तसं त्याने ऐकून घेतलं आणि पावाचा तुकडा मोडत जागेवर जाऊन बसला. त्याच्या टेबलावर कुणी बोलत नव्हतं. सहलीला आलेली पंचवीस पोरं, आणि हॉलमध्ये काट्याचमच्यांचा आवाज ऐकू येत होता.

४

साडेतीनपर्यंत सुट्टी होती. पोरं बाहेर प्रातो नावाच्या मोठ्या चौकातल्या हिरवळीवर उन्हात पडायला गेली, निवेस गोळी घेऊन आडवी झाली. मी एकटा हॉलमध्ये, कागद पुढ्यात.

मला एक खोड आहे. रेघ अर्धवट सुटलेली बघवत नाही. एका कागदाच्या उजव्या काठातून सात रेघा बाहेर जात होत्या. दुसऱ्या एका कागदाच्या डाव्या काठातून सात आत येत होत्या. मी खिशातली पट्टी काढली. हो, मी सहलीलाही पट्टी नेतो, हसा. सातही अंतरं मोजली. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही.

आधी मला हसू फुटलं. म्हटलं, वा रे कारट्यांनो! भूमितीच्या मास्तरची फिरकी घ्यायची म्हणून बसमध्ये बसून कट केलाय. पण लगेच दुसरा विचार आला. या वर्गातल्या अर्ध्यांना साधा लंब टाकता येत नाही. आणि कागद तर निवेसने आत गेल्यावर वाटले होते.

एव्हाना मी टेबलं बाजूला सारली होती. कागद फरशीवर मांडायला लागलो. प्रत्येक कागदाला एकच जागा होती, दुसरीकडे कुठे तो बसेना. पाच आडवे, पाच उभे. तासभर लागला असेल. चोवीस कागद बसले आणि बरोब्बर मधली जागा रिकामी राहिली.

ते कसं दिसत होतं हे मला विचारू नका. टाळत नाहीये, सांगता येत नाही. वक्र रेघ पुढे कुठे जाणार हे सांगणं हा माझा धंदा. त्या सगळ्या रेघा मधल्या रिकाम्या जागेकडे चालल्या होत्या, आणि तिथे पोचून त्यांचं काय होणार हे मी मनात मांडायला गेलो की मधेच विसरायचो. आपण एखाद्या खोलीत जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही, तसं. पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा विसरायचं. चार वेळा झालं. भीती नव्हती वाटत, हे मुद्दाम सांगतो. ते इतकं नेमकं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर जे फळ्यावर खडूने गिरवत आलो त्याचं खरं रूप कुणीतरी दाखवावं, तसं वाटलं.

मग मला पायांना गार लागलं. खाली बघतो तर मी अनवाणी. बूट दाराशी ठेवलेले, शेजारी शेजारी, मोजे आत घातलेले. आमच्यात चर्चमध्येसुद्धा कुणी बूट काढत नाही. मी कधी काढले? का काढले? भीती वाटली ती तेव्हा.

५

"उचल हे."

निवेस दारात उभी होती. पांढरीफटक.

"निवेस, ये ना, बघ तरी. काय अचूक आहे!"

"एल्व्हियो, मी हात जोडते. उचल. सकाळी मी खाली मान घालून बसले होते, तुला माहितेय का? मी वर बघितलंच नाही. अठरा वर्षं बघतेय, आज मान वर होईना."

मी खरंच वाकलो होतो. एका कागदाचा कोपरा धरलाही होता. पण तेवढ्यात निवेसच्या मागून पोरं आत आली. कुणी बोलावलं नव्हतं, अजून साडेतीन व्हायचे होते. आली आणि कागदांच्या भोवती उभी राहिली, एकमेकांना जागा करून देत. त्यांच्यातून नोएमी पुढे झाली. तीही अनवाणी होती.

तिने कागदांकडे पाहिलं. दोन वर्षांत मी तिच्या चेहऱ्यावर जे शोधत होतो ते तिथे आलं. भूक. साधी, निरोगी भूक.

"बाबा, पेन्सिल दे."

"देऊ नकोस," निवेस म्हणाली. "तुला शपथ आहे, देऊ नकोस तिला."

"ती मागतेय, निवेस! ऐकलंस ना? तिने मागितली!"

"तिने मागितली, की तिच्या तोंडून..." निवेसने वाक्य पुरं केलं नाही.

तुम्ही काय केलं असतं? मला सांगा ना. एक्केचाळीस किलोची पोर, दोन वर्षांनी हात पुढे करतेय. ते बारीक मनगट माझ्यासमोर होतं. मला सगळं कळत होतं. चोवीस पोरांच्या हातून जे आलं ते पोरांचं नव्हतं, एवढं तर गणिताच्या मास्तरलाही कळतं. तरी मी शर्टाच्या खिशातून माझी पेन्सिल काढली, तिचं टोक बोटाने तपासलं आणि तिच्या तळव्यावर ठेवली.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली, आणि कागदांच्या मधल्या जागेत आपला कोरा चौकोन ठेवून गुडघ्यांवर बसली.

६

मी ठरवून तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. कागदाकडे नाही. पोरीला आनंद होतोय का, एवढंच मला बघायचं होतं, आणि नंतर कागदाकडे बघायची हिंमतच उरली नाही.

रेघ. थांबा. रेघ. थांबा. पेन्सिल एकच होती, आवाज मात्र चोवीसांचा येत होता. तिच्या गालांवर रंग चढला. ओठ किंचित उघडले. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा अशीच दिसली होती.

मग ती थांबली. पेन्सिल खाली ठेवल्याचा टक् असा आवाज आला. तिने मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून माझ्या पाठीमागे पाहिलं.

सगळ्यांनीच पाहिलं. माझ्या समोर उभ्या असलेल्या पोरांच्या माना एकदम वर झाल्या. त्यांतल्या बेनेदेत्ताचे हात उचलले गेले. कुणाच्या तरी हातातून पाण्याची बाटली पडली, पाणी फरशीवर पसरत माझ्या पायांपर्यंत आलं, कुणी वाकलं नाही. ताद्देओने डोळ्यांवर तळवा घेतला आणि बोटं फाकवली. निवेस, जिची मान सकाळपासून वर होत नव्हती, ती वर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. घाबरलेलं कुणीच नव्हतं. सांगितलं तर खोटं वाटेल, पण इतके सुंदर चेहरे मी माझ्या वर्गात कधी पाहिले नव्हते.

माझ्या मागे लाकडी फरशी होती आणि पलीकडे बंद भिंत. फरशी करकरली. माणूस चालतो तशी नाही. सगळ्या फळ्या एकदम, जणू हॉलभर वजन आलं.

मी डोळे नोएमीवर खिळवले. माझ्या समोर उंच खिडक्या, उजेड समोरून येत होता. माझ्या पाठीमागे उजेड असायचं काही कारण नाही. तरी नोएमीच्या बुबुळांत मला दोन ठिणग्यांएवढा उजेड दिसला, आणि त्या उजेडात काहीतरी हललं. माझ्या दिशेने, खाली वाकल्यासारखं. मानेवर ऊब आली. आईच्या पदराखाली असते तशी. माझी मान आपोआप वळायला लागली, आणि देवाशप्पथ, मला वळायचं होतं. उभ्या जन्मात कशासाठी इतका आसुसलो नव्हतो.

"नको," नोएमी म्हणाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती. तिचे डोळे माझ्या डोक्यावर, खूप वर होते. आवाज मऊ होता, ओळखीच्या कुणाशी बोलावं तसा.

"बाबांना राहू दे. त्यांना अजून नाही बघायचं."

माझ्या मानेवरची ऊब तशीच थांबली. मग हळूहळू, हट्ट सोडावा तशी, ती मागे सरली.

७

नोएमीने कागद स्वतःच गोळा केले. पोरं चहा-कॉफीला गेली, ताद्देओने कुणाची तरी टोपी पळवली, आरडाओरडा झाला. परतीच्या बसमध्ये सगळी गात होती. निवेस खिडकीला डोकं टेकून हसत होती आणि मी काही विचारलं की माझा हात थोपटायची, आजारी माणसाचा थोपटतात तसा.

नोएमी आता सत्तेचाळीस किलोंची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चमत्कार झाला. लोरेत्ताने सांतोला मेणबत्ती लावली. पोर तीनदा जेवते, हसते, मक्याचा पोलेंता मागून मागून घेते, आणि चित्रं काढते. आमची गल्ली, मांजर, आईचे हात. छान काढते. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं, आणि मी कुणाकडे तक्रार करू शकत नाही.

फक्त सकाळी, लोरेत्ता कामावर गेल्यावर, आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसतो. मी माझ्या कॉफीत डोकं घालून. माझ्या पाठीमागे नुसती भिंत आहे, तिच्यावर कॅलेंडर. नोएमी पावाला लोणी लावते आणि प्रेमाने, आग्रह न करता विचारते.

"बाबा, आज?"

"आज नको गं," मी म्हणतो.

मग ती माझ्या खांद्यावरून मागे बघते, मान हलवून नाही म्हणते, आणि पाव खायला लागते. माझ्या मानेवरची ऊब सरायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागतो. आज सकाळी मी "नको" म्हणायच्या आधी बराच वेळ गप्प बसलो होतो.